नऊ फुटांची काचनळी

हृदय रक्त ढकलते आणि ते रक्त अंगभर फिरून परत हृदयाकडे येते, हे विल्यम हार्वी यांनी १६२८ साली छापून टाकले. पण ते किती जोराने ढकलते? या प्रश्नाला उत्तरे होती, आणि तीच अडचण होती. इटलीतले गणिती जोव्हान्नी बोरेली यांनी स्नायूंच्या बळावरून हिशेब मांडला आणि हृदयाचा जोर १,८०,००० पौंडांचा ठरवला. म्हणजे आजच्या मापाने ऐंशी टनांच्या वर. स्कॉटिश डॉक्टर जेम्स कील यांनी दुसऱ्या वाटेने गणित केले, तेव्हा उत्तर आले पाच औंस, म्हणजे दीडशे ग्रॅमसुद्धा नाही. दोघेही विद्वान होते आणि गणितात कच्चे तर मुळीच नव्हते. तरी एकाच अवयवाबद्दलची ही दोन उत्तरे शेजारी ठेवली की कळते, हृदयाच्या जोराबद्दल त्या काळी कुणालाच काही ठाऊक नव्हते. कागदावर वाटेल तेवढे आकडे मांडता येत होते. प्रत्यक्ष वाहत्या रक्ताला मात्र कुणी विचारले नव्हते.

विचारले ते एका पाद्र्याने. स्टीफन हेल्स लंडनजवळ टेम्स नदीकाठच्या टेडिंग्टन गावात १७०९ पासून चर्चचे काम पाहत होते, आणि १७६१ साली मरण येईपर्यंत तिथेच राहिले. बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी, रविवारचे प्रवचन हा त्यांचा व्यवसाय. केंब्रिजला शिकताना न्यूटनच्या विज्ञानाची गोडी लागलेली होती. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती, पण मोजमापाची अनावर ओढ होती. निसर्गात जे काही हलते, वाहते, चढते ते वजनात, मापात आणि संख्येत धरल्याखेरीज कळले असे म्हणू नये, ही त्यांची श्रद्धा होती. धर्मश्रद्धेशी तिचे भांडण नव्हते. देवाने सृष्टी मापून घडवली असेल तर मापणे हीदेखील भक्तीच, असे मानणाऱ्या पिढीतले ते होते.

सुरुवात कुत्र्यांपासून झाली. १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या वनस्पतींवरच्या पुस्तकात हेल्स यांनी मागे वळून सांगितले आहे की सुमारे वीस वर्षांपूर्वी त्यांनी कुत्र्यांवर आणि त्यानंतर सहा वर्षांनी घोड्यांवर रक्ताच्या जोराचे प्रयोग केले. हिशेब केला तर घोड्यांवरचे ते पहिले प्रयोग १७१३ च्या आसपासचे ठरतात. सविस्तर हकिकत मात्र छापली गेली १७३३ साली. मधली वीस वर्षे ही कथा एका पाद्र्याच्या टिपणवहीत पडून होती. जिवंत शरीरे चिरण्याचे काम त्यांना नकोसे वाटू लागले होते आणि काही काळ त्यांनी ते सोडूनही दिले होते. पुढे जे वाचायचे आहे त्यासाठी हे ध्यानात ठेवायला हवे.

घोडाच का? एक कारण अगदी व्यवहाराचे होते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये घोड्यांची वाण नव्हती, आणि लंगडा, म्हातारा, जखमी घोडा कामातून गेला की त्याला मारून टाकत. हेल्स यांनी वापरलेली जनावरे अशीच होती, त्यांचे मरण आधीच ठरलेले होते. दुसरे कारण घोड्याच्या शरीरात आहे. घोड्याचे हृदय त्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का भरते. म्हणजे चारशे किलोंच्या जनावराच्या छातीत चार किलोंचा पंप असतो. त्याच्या रोहिण्या इतक्या जाड की त्यांत धातूची नळी बसवता येते. आणि सगळ्यांत मोलाचे म्हणजे हा प्रचंड पंप विश्रांतीत अतिशय सावकाश चालतो. हेल्स यांनीच नोंदवले आहे की निरोगी, न घाबरलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला सुमारे ३६ पडते, माणसाच्या जवळजवळ निम्म्याने. दोन ठोक्यांमध्ये दीड सेकंदाहून अधिक वेळ मिळतो. त्या अवधीत डोळ्यांना पाहता येते, हाताला टिपता येते. उंदराच्या हृदयाने हे गुपित त्या काळच्या कुणाच्याही हाती लागू दिले नसते.

महिना डिसेंबरचा होता. घोडी चौदा वर्षांची, खांद्यापाशी चार फूट आठ इंच उंच, फार रोड नाही आणि फार भरलेलीही नाही. खोगीर बसते त्या उंचवट्यावर तिला नासूर झालेले होते, त्यामुळे ती कामाची राहिली नव्हती. हेल्स यांनी तिला जिवंतपणी उताणी पाडून बांधवले. भूल द्यायला अजून सव्वाशे वर्षांचा अवकाश होता. डाव्या मांडीतली मोठी रोहिणी त्यांनी पोटापासून तीन इंचांवर उघडी केली, दोरा आवळून तिच्यातला प्रवाह अडवला आणि आत एक पितळी नळी सरकवली. नळीची पोकळी इंचाच्या सहाव्या भागाएवढी, जेमतेम चार मिलिमीटरची. त्या नळीला दुसरी पितळी नळी जोडली आणि तिच्यावर साधारण तेवढ्याच पोकळीची काचेची नळी सरळ उभी केली. काचनळीची लांबी नऊ फूट.

मग दोरा सोडला.

रक्त काचेत शिरले आणि क्षणात अर्ध्या उंचीवर गेले. तिथून पुढे ते पायऱ्यापायऱ्यांनी चढू लागले. प्रत्येक ठोक्याला एक पायरी, आधी बारा इंच, मग आठ, सहा, चार, दोन, कधी एकच. माणसाच्या डोक्यावरून ते वर गेले. शेवटी हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या पातळीपासून मोजून आठ फूट तीन इंचांवर ते थांबले.

थांबले म्हणजे स्थिर झाले नाही. प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताचा माथा दोन, तीन, चार इंच वरखाली होत होता. मध्येच तो बारा-चौदा इंच खाली उतरे, तिथेच काही काळ डोलत राही आणि चाळीस-पन्नास ठोक्यांनंतर पुन्हा आपल्या उंचीवर येई. आज कुठल्याही अतिदक्षता विभागात पलंगाशेजारच्या पडद्यावर एक लाल रेघ ठोक्याठोक्याला उसळत असते. तिच्यामागचा सगळा ऐवज त्या डिसेंबरात एका पाद्र्याने नुसत्या डोळ्यांनी पाहिला होता. ठोक्याला वर जाणारा दाब, दोन ठोक्यांमध्ये उतरणारा दाब आणि त्या दोहोंवर स्वार झालेली संथ, लांब लाट.

या नोंदीतला एक बारकावा मला थोर वाटतो. हेल्स यांनी उंची मांडीतल्या जखमेपासून मोजली नाही, जमिनीपासून तर नाहीच. मोजली ती हृदयाच्या डाव्या कप्प्यापासून. द्रवाचा स्तंभ कुठे सुरू होतो हे ठरवल्याशिवाय त्याच्या उंचीला अर्थ नाही, हे त्यांनी पहिल्याच प्रयोगात ओळखले होते. आजही रक्तदाब मोजताना दंड हृदयाच्या पातळीवर ठेवायला सांगतात. दंड खाली लोंबकळला की आकडा फुगतो, वर उचलला की घसरतो.

मग त्यांनी काचनळी काढून घेतली आणि रक्ताला मोकळ्या हवेत उसळू दिले. कारंजे दोन फुटांच्या वर गेले नाही. यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. जखमेतून उडणाऱ्या चिळकांडीवरून रक्ताचा जोर जोखता येत नाही. वाहण्यात आणि हवेशी झगडण्यात तो खर्ची पडतो. खरा जोर दिसतो तो कोंडलेल्या, तोललेल्या स्तंभात.

यापुढचा भाग वाचायला जड जातो. हेल्स यांनी घोडीचे रक्त मापाने काढायला सुरुवात केली. एक क्वार्ट, म्हणजे लिटरभराला थोडे कमी, काढायचे आणि नळी पुन्हा जोडून उंची पाहायची. आठ क्वार्ट होईपर्यंत असे केले. तोवर जोर बराच ओसरला होता, म्हणून पुढे दर पाइंटाला, अर्ध्या मापाला, उंची घेतली. तक्ता तयार झाला, आणि तो सरळ उतरत जाणारा नव्हता. रक्त कमी होत असूनही स्तंभ मध्येच पुन्हा वर चढे. घोडीने खोल उसासा टाकला की चढे, सुटायची धडपड केली की चढे. अखेरीस तिला थंड, चिकट घाम सुटला. मरणाऱ्या माणसांना सुटतो तो हाच घाम, असे हेल्स यांनी लिहून ठेवले आहे, आणि अशा वेळी रक्ताचा जोर किती खाली गेलेला असतो तेही. रक्तस्रावाने येणाऱ्या धक्क्याचे हे पहिले मोजलेले वर्णन म्हणता येईल.

स्तंभ मध्येच वर का चढत होता याचे उत्तर त्या काळी मिळणे शक्यच नव्हते. रक्त कमी पडू लागले की शरीर हातपाय गाळून बसत नाही. लहान रोहिण्या आवळल्या जातात, हृदय वेगाने धावू लागते. घोड्याकडे याशिवाय आणखी एक ठेवा असतो, तो म्हणजे त्याची प्लीहा. तांबड्या पेशींनी गच्च भरलेले रक्त तिच्यात राखून ठेवलेले असते आणि भीती वाटली किंवा धावायची वेळ आली की ती आकसून सगळा साठा रक्तप्रवाहात ओतते. शांत घोड्याच्या रक्तात पेशींचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो, भरधाव दौडीत तो साठच्या वर जातो. लांडग्यापासून पळण्यासाठी निसर्गाने घडवलेली ही युक्ती. त्या दिवशी बांधलेल्या घोडीला पळता येत नव्हते, पण तिचे शरीर पळण्याची सगळी तयारी करत होते. तक्त्यातल्या त्या अनाकलनीय चढउतारांत तिचीच झुंज दिसते.

पुढच्या वेळी एक खच्ची केलेला घोडा होता, आणि त्यानंतर, पुन्हा डिसेंबरातच, एक पांढरी घोडी. या घोडीसाठी हेल्स यांनी शेताचे लाकडी फाटक जमिनीवर टाकले, त्यावर पेंढा पसरला आणि तिला उजव्या कुशीवर पाडून फाटकालाच बांधून टाकले. अनुभवातून ते शिकत होते. आधीच्या मांडणीत जनावर हिसडले की पितळ आणि काच यांचा सांधा धोक्यात येई. आता त्यांनी मध्ये हंसाच्या जातीतल्या गूज पक्ष्याची श्वासनलिका बसवली. लवचीक, गोल कड्यांची आणि दाबली तरी न मिटणारी. रबरी नळी अजून जगात आली नव्हती. गावच्या स्वयंपाकघरात जे हाताला लागले त्यातून एका प्रश्नाचा निकाल लागला.

या घोडीत त्यांनी आधी नीला तपासली. गळ्यातल्या मोठ्या नीलेला चार फुटांहून थोडी लांब नळी जोडली. रक्त संथपणे फूटभर चढले आणि जरा थबकले. रोहिणीत आठ-नऊ फूट आणि नीलेत एक. जाताना एवढा जोर आणि परतताना एवढासा. बाकीचा सगळा वाटेतल्या केसाएवढ्या वाहिन्यांतून रेटा देताना संपतो, हे या दोन आकड्यांनी उघड केले. पण घोडीने अंग ताणले तसे नीलेतले रक्त वर सरकू लागले, आणखी जोर केला तेव्हा आणखी, आणि एका मोठ्या धडपडीला ते नळीच्या तोंडातून बाहेर सांडले. ती शांत झाल्यावर पुन्हा दीडएक फूट खाली आले. कुंथताना माणसाच्या गळ्याच्या शिरा फुगतात त्याचेच हे मोजमाप.

त्यानंतर गळ्यातल्या रोहिणीला पावणेतेरा फुटांची नळी जोडली आणि रक्त साडेनऊ फूट चढले.

आता हेल्स यांच्या हाती खरे आकडे होते आणि त्यांवर उभे राहून हिशेब करता येत होता. मेलेल्या जनावरांच्या हृदयात वितळलेले मेण ओतून त्यांनी डाव्या कप्प्याचे ठसे काढले, कप्प्याची जागा आणि आतला पृष्ठभाग मोजला, ठोक्यांशी गुणाकार करून मिनिटाला किती रक्त बाहेर पडते याचा अंदाज बांधला. हा अंदाज प्रत्यक्षाहून बराच कमी आला. मेलेले हृदय आखडते, आणि जिवंत घोड्याचे हृदय एका ठोक्याला लिटरभराच्या आसपास रक्त फेकते हे मेणाच्या ठशावरून कळणार नव्हते. पण पद्धत बरोबर होती. माणसाच्या बाबतीत त्यांनी धरले की गळ्यातल्या रोहिणीतले रक्त साडेसात फूट चढेल, आणि त्यावरून माणसाच्या डाव्या कप्प्यावरचा भार काढला साडेएक्कावन्न पौंड. बोरेलींचे ऐंशी टन आणि कील यांचे पाच औंस दोन्ही एका फटक्यात बाद झाले.

रोहिण्यांच्या भिंतींबद्दल त्यांचे निरीक्षण तर माझ्या मते उंचीच्या आकड्याहूनही खोल आहे. हृदय थांबत थांबत ढकलते, मग बारीक वाहिन्यांतून रक्त अखंड कसे वाहते? हेल्स यांना आगीच्या बंबातली हवेची टाकी आठवली. बंबाचा दांडा वरखाली होत असतो, पाणी झटक्याझटक्याने येते, पण टाकीतली दाबलेली हवा ते झटके पोटात घेते आणि तोटीतून सलग धार सुटते. रोहिण्यांच्या ताणल्या जाणाऱ्या भिंती हेच काम करतात. ठोक्याला फुगतात आणि मधल्या वेळेत आकसून रक्त पुढे ढकलत राहतात. वय वाढले की या भिंती ताठरतात आणि वरचा आकडा चढत जातो, हे आज प्रत्येक डॉक्टर सांगतो. त्या सांगण्याचे मूळ त्या बंबात आहे.

टेडिंग्टनच्या शेजारीच ट्विकनहॅमला कवी अलेक्झांडर पोप राहत. हेल्स यांच्याशी त्यांचा स्नेह होता. पोप यांच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून हेल्स यांची सही आहे. माणूस म्हणून हेल्स यांच्याबद्दल त्यांना आदरच होता. पण या माणसाचे हात रक्ताने माखलेले आहेत याचे दुःख त्यांनी बोलून दाखवले, आणि आपल्याहून थोड्याच खालच्या असलेल्या प्राण्यांना कुतूहलापोटी, किंवा उपयोगासाठीसुद्धा, मारण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, असा प्रश्न केला. हा प्रश्न मी बाजूला सारू शकत नाही. हेल्स यांनी पुढे तुरुंगांत आणि जहाजांत कोंडलेल्या माणसांना हवा मिळावी म्हणून वायुवीजनाची यंत्रे बनवली, त्यांतून पुष्कळांचे जीव वाचले. त्याने घोडीचे दुःख फिटत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकमेकींना खोडत नाहीत.

शिवाय ते दुःख त्या आकड्यातच शिरलेले आहे. आठ फूट तीन इंच रक्त म्हणजे पाऱ्याच्या मापाने सुमारे १९५ मिलिमीटर. स्वस्थ उभ्या घोड्याचा सरासरी दाब १२० च्या आसपास असतो. म्हणजे हेल्स यांनी मोजला तो घोड्याचा रक्तदाब नव्हता, जिवाच्या आकांताने घाबरलेल्या घोड्याचा होता. आणि त्यांनी ते लपवले नाही. त्या पहिल्या घोडीची नाडी ५५ पडत होती, कधी ६०, कधी १००, कारण ती वेदनेत होती, असे त्यांनी स्वतःच लिहिले. जो आकडा मिळाला तो कुठल्या अवस्थेत मिळाला हे सांगण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्याकडे होता, म्हणूनच पुढच्यांना तो दुरुस्त करता आला.

पुढच्यांना यायला जवळपास शतक लागले. १८२८ साली पॅरिसमध्ये ज्याँ लेओनार पुआझय यांनी नऊ फुटांच्या काचेऐवजी इंग्रजी यू अक्षरासारख्या नळीत पारा भरला. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, त्यामुळे घोड्याचा दाबही हातभर नळीत मावू लागला. १८४४ साली क्लोद बेर्नार यांनी घोड्याच्या गळ्यातल्या वाहिन्यांतून थेट हृदयापर्यंत तापमापक नेला. आणि १८६१ च्या सुमारास लिऑंच्या पशुवैद्यक महाविद्यालयातले ओग्युस्त शोव्हो आणि पॅरिसचे एत्येन-ज्यूल मारे यांनी मिळून जे केले ते या कथेचे दुसरे शिखर आहे.

वाद असा होता: छातीवर हात ठेवला की जो ठोका लागतो, तो हृदय आकसताना बसतो की रक्ताने भरताना? ते भरताना बसतो असे ठामपणे म्हणणारे नावाजलेले डॉक्टर होते. शोव्हो आणि मारे यांनी टोकाला रबरी फुगा असलेली लांब नळी घोड्याच्या गळ्यातल्या नीलेतून उजव्या हृदयात उतरवली. एक फुगा वरच्या कप्प्यात, एक खालच्या कप्प्यात आणि तिसरा बाहेर बरगड्यांच्या मध्ये, ठोका टिपायला. तिन्हींच्या लेखण्या एका फिरत्या नळकांड्यावर एकाखाली एक रेघा ओढू लागल्या. घोडा उभा होता, शुद्धीत होता, आणि त्याची नाडी संथ चालली होती. रेघांत प्रथम वरच्या कप्प्याची बारीक उंची आली, मग खालच्या कप्प्याची ताडकन चढणारी भिंत, आणि नेमकी तिच्याच सरळ खाली ठोक्याची खूण. ठोका आकसण्याचाच होता. माणसाच्या हृदयात नळी घालण्याचे धाडस कुणी करण्याच्या कितीतरी आधी घोड्याने हा वाद मिटवला.

माणसासाठी दंडावर गुंडाळायची पट्टी १८९६ साली इटलीत शिपिओने रिव्हा-रॉची यांनी आणली आणि १९०५ साली रशियात निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी तिच्याखालच्या रोहिणीचे आवाज ऐकायला शिकवले. घोड्यालाही आता पट्टी बांधतात, ती शेपटीच्या बुडाशी.

शस्त्रक्रियेच्या वेळी मात्र पट्टीवर भागत नाही. पोटशुळाने तळमळणारा घोडा भूल देऊन टेबलावर घेतला की पाचशे किलोंचे ते धूड आपल्याच वजनाने आपले स्नायू चिरडू लागते. भुलीमुळे रक्तदाब आधीच उतरलेला असतो. दबलेल्या स्नायूंत रक्त पोचले नाही तर ते मरतात, आणि शस्त्रक्रिया उत्तम होऊनही घोडा उठून उभा राहू शकत नाही. उभा न राहिलेला घोडा बहुधा वाचत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ चेहऱ्यावरच्या रोहिणीत बारीक नळी बसवतो, दाब मोजणारा संवेदक हृदयाच्या पातळीला बांधतो आणि पडद्यावरच्या रेघेवर नजर ठेवतो. सरासरी दाब ७० मिलिमीटरच्या खाली सरकू लागला की तो भूल हलकी करतो आणि हृदयाला जोर देणाऱ्या डोब्युटामीन या औषधाचे थेंब वाढवतो.